पोचवणारी

“मी पोचवणारी हाय,” असं ती म्हणायची, आणि म्हणताना डावा हात लांब करून मोकळ्या जागेकडं बोट दाखवायची. तिथं त्या क्षणी कुणी नसायचं. पण बोट खाली यायच्या आत आमच्यातली कुणीतरी धावत त्या जागी पोचलेली असायची आणि तिच्या हातात बॉल आलेला असायचा.

अणदूरच्या बाजूला आमची शाळा. मागं मातीचं मैदान, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या दोन रिंगा, एकीला जाळी आणि दुसरीला नुसतं कडं. तुम्ही अशी मैदानं पाहिली असतील. पाहून पुढं गेला असाल. आम्ही तिथं बास्केटबॉल खेळायचो. आम्ही म्हणजे त्या खेळायच्या. मी राखीव. बाकावर बसून माणसं नीट दिसतात, एवढाच बाकाचा फायदा.

तिला सगळे बारकी म्हणायचे. वर्गात, घरात, रस्त्यावर, सगळीकडं बारकी. घरात कानडी. वडील कपाळाला विभूती लावून किराण्याच्या दुकानात बसायचे. खेळताना ती डावांचे आकडे कानडीत ओरडायची, “वंदु! यरडु!” आणि समोरच्या, लातूरकडच्या पोरी एकमेकींची तोंडं बघायच्या.

आमच्या सरांचं मत पक्कं होतं. टीम उंच पोरीच्या भोवती बांधायची. पूजा आमची उंच. रिंगेखाली उभी राहिली की नारळाच्या झाडासारखी. सर म्हणायचे, “पूजा मधी, बाकीच्यांनी तिच्याभवती फिरायचं. बुटक्या पोरीच्या जीवावर अजिंक्यपद कुणी जिंकलंय का?”

“सर, पूजाला बॉल कोण देणार?” बारकीनं विचारलं.

“कोणीबी देईल की.”

“मग बघा कोणीबी देऊन.” असं म्हणून ती माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. शेंगदाणे काढले, मला दिले.

त्या सरावाच्या सामन्यात पूजा दोन्ही हात वर करून रिंगेखाली उभी. तिच्याशेजारी आणखी एक, तीही हात वर करून. तिसरीही तिथंच. सगळ्याजणी बॉल मागतायत आणि बॉल मैदानाच्या मध्यावर, समोरच्या पोरींच्या हातात. सर डोक्यावरची टोपी काढायचे, परत घालायचे. शेवटी म्हणाले, “बरं. ऊठ, बारके.”

“शेंगदाणे संपू द्या की सर.”

तेव्हापासून टीम तिच्याभोवती बांधली गेली. तिच्यात उणीव नव्हती असं मी म्हणणार नाही. मी गावातल्या प्रश्नांवर पत्रकं लिहिते, पण खोटं लिहीत नाही. बचावात तिच्या डोक्यावरून उंच पोरी आरामात बॉल टाकायच्या. मोठ्या सामन्यात समोरचे तिच्यावर दोन-दोन पोरी सोडायचे, तिला कोपऱ्यात चेपायचे. सर घाबरायचे. ती म्हणायची, “माझ्यावर दोघी आल्या म्हणजे आपली एक मोकळी झाली. मोकळी कोण तेवढं बघायचं.” आणि वरून पास जात नसला की खालून द्यायची, उंच पोरींच्या पायांमधून, जमिनीला लागून. “वर त्यांचं राज्य, खाली माझं.”

राज्याच्या अंतिम सामन्यात शेवटी शेवटी तिघी तिच्या अंगावर होत्या. मला बाकावरून ती दिसतच नव्हती, नुसती एक वेणी दिसत होती. मग त्या गर्दीतून, गुडघ्यांच्या उंचीवरून बॉल निघाला आणि पूजाच्या हातात गेला. पूजानं नुसता वर ठेवला. आम्ही जिंकलो.

पॉइंट गार्डच्या, म्हणजे बॉल पोचवणारीच्या, भोवती टीम बांधून अजिंक्यपद मिळतं का? मिळतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त ते कुणाला मिळतं, हेही विचारत जा.

पेपरात फोटो आला. मधोमध पूजा, हातात कप. सर्वांत जास्त गुण करणारीला बक्षीस होतं, ते तिला मिळालं. बॉल पोचवणारीला बक्षीस नव्हतं. फोटोत कपाच्या बाजूनं एक कोपर दिसतं, ते बारकीचं. तिच्या आईनं, अव्वानं, तो फोटो देवघराशेजारी लावला आणि आल्यागेल्याला कोपर दाखवत राहिली.

आता जे सांगते ते आमच्याकडच्या लोकांना नवीन नाही. राज्य जिंकलेल्या पोरींना सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. आमच्याकडं पोरीनं बापाच्या घरातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचा रस्ता एकच धरतात, पोलीसभरती. तलाठ्याच्या परीक्षेला क्लास लागतो, शहरात खोली लागते. भरतीला पाय लागतात, आणि ते देवानं दिलेले असतात. सगळ्याजणी पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागल्या. पुढं बारकी, मागं त्या.

पण भरतीत उंची मोजतात. खेळाडूंना थोडी सवलत असते. ती धरूनही बारकी बोटभर कमी पडत होती.

तिच्या घरी स्थळं यायला लागली होती. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितलं होतं, “ही भरती बघू. झालं तर झालं. न्हाय तर पुढचं मी बघतो.” त्यामुळं त्या बोटभर उंचीवर तिचं सगळं अडलेलं होतं, आणि ते टीममधल्या प्रत्येकीला माहीत होतं.

भरतीवाल्या पोरांना एक गोष्ट पाठ असते. माणूस झोपून उठल्यावर थोडा लांब असतो, दिवसभर उभं राहिलं की दबतो. पोरं मोजमापाच्या जागेपर्यंत आडवी होऊन जातात. आम्हीही तेच केलं. आदल्या दिवशी तिला भिंतीला टेकवून मोजलं, तर कमी. सकाळी अंथरुणातून उठवून मोजलं, तर काठावर बसली! मग ठरलं. एका मावशीचा भाजीचा छोटा टेंपो घेतला, मागं गादी टाकली आणि तिला आडवं घातलं. वर ताडपत्री. पूजा गादीशेजारी बसून राखण करत होती.

“उठायचं न्हाय. नंबर पुकारेपर्यंत उठायचं न्हाय.”

“मुडद्यावानी न्यायलाव की गं मला.”

“गप पड.”

रस्ताभर ती झोपल्या झोपल्या टेंपोवाल्याला सांगत होती, “मामा, पुढं खड्डा हाय, डावीकडनं घ्या.” तिला दिसत काहीच नव्हतं. खड्डे पाठ होते.

मैदानाबाहेर ही गर्दी. टेंपो झाडाखाली लावला. आमच्या पोरी रांगेत, ती गादीवर. आणि ताडपत्रीच्या फटीतून तिला एक पोरगी दिसली. परंड्याकडची, अनोळखी. फाटकाशी रडत होती. कागदांच्या झेरॉक्स आणायच्या राहिल्या होत्या, आणि रांग सोडली तर नंबर जाणार.

मी टेंपोजवळच होते. बारकी ताडपत्री बाजूला सारून खाली उतरली.

“अगं, काय करायलीस? झोप!”

“झोपते. हिला पोचवून येते.”

झेरॉक्सचं दुकान लांब होतं, तिथं पुन्हा रांग. ती पळत गेली, पळत आली. तोवर आमच्यातल्या एकीला चक्कर आली, बारकी तिच्यासाठी पाणी आणायला गेली. मग तिची जागा धरून उन्हात उभी राहिली. पूजा पुढच्या रांगेतून ओरडत होती, “बारके, आडवी हो! बारके, तुझ्या पाया पडते!” ती लांबूनच हात हलवायची. येते, येते. एकदाही परत गादीवर गेली नाही.

तिचा नंबर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ती फळीखाली उभी राहिली. टाचा टेकवल्या, मान ताणली. वरची पट्टी खाली आली आणि डोक्याला लागली.

“कमी आहे. बाजूला व्हा.”

“एकदा परत बघा की मॅडम.”

परत बघितलं. तेवढीच.

त्या भरतीत पूजा लागली. बारकीच्या पासवर गुण केलेल्या आणखी दोघी लागल्या. परंड्याच्या पोरीचं काय झालं, मला माहीत नाही. बारकीनं पुढं कितीदा तरी विचारलं, “तिचं झालं असंल का गं?”

मला राग आला, अजून आहे. गुन्हेगाराला पकडायला उंची लागते की नजर? मी पत्रक लिहायला घेतलं. तिनं कागद हातातून काढून घेतला. “मी बुटकी हाय हे गावात पत्रक वाटून सांगतीस व्हय? आणि किती उद्गारचिन्हं गं ही? बॉल जोरात मारला म्हणून पोचत न्हाय.”

मग स्थळं आली आणि गेली. मुलाकडच्यांनाही उंची हवी होती. शेवटी ती एका सिक्युरिटी कंपनीत कंत्राटावर लागली. तिथं उंची मोजत नाहीत, कारण पगारही तसाच असतो. नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत मी तिला बघितलं. निळा शर्ट खांद्यावरून उतरणारा, हातात दोरी. दोरीचं दुसरं टोक खाकीतल्या पूजाच्या हातात.

“मॅडम, इकडनं थोडं ढिलं सोडा,” बारकी म्हणाली.

“मॅडम म्हणू नको ना गं.”

“ड्युटीवर हाय. घरी आल्यावर उंचाडे म्हणते.” आणि लगेच गर्दीकडं वळून डावा हात लांब केला, “मावशी, तिकडं जागा हाय, तिकडनं या.”

उसाच्या हंगामात, एका संध्याकाळी, तिच्यासोबतच्या एका नव्या पोरीची एसटी चुकली. बारकीनं तिला स्कूटीवर मागं घेतलं, तिच्या गावात नेऊन तिच्या आईच्या हाती दिलं. परत निघताना दिवेलागण झाली होती. वळणावर पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, चाकाला लावलेला एक दगड आणि वरून लोंबणारं उसाचं हिरवं वाढं. ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. ट्रॉल्यांना लाल पट्ट्या लावा म्हणून त्याच रस्त्यावर आम्ही पत्रकं वाटली होती. उद्गारचिन्हांसकट.

अपघात ज्या ठाण्याच्या हद्दीत झाला, ते ठाणं पूजाचं होतं.

महिन्याभरानं पूजा शाळेच्या मैदानावर आली, साध्या कपड्यांत. समोर नव्या पोरी खेळत होत्या. सगळ्या रिंगेखाली, सगळ्यांचे हात वर. त्यांच्याकडं बघतच ती बोलायला लागली.

“पंचनाम्यात उंची लिहावी लागते. साहेब म्हणले, अंदाजे टाक. म्या म्हणलं, अंदाजे न्हाय साहेब, मोजते. म्या सोता टेप लावली. टाचेपासनं डोक्यापोतर.”



“भरली गं,” ती म्हणाली. “पुरी भरली. झोपून होती ना.”