अडलं तिथे थांबणारा नागनाथ

जाहिरात तिसऱ्या पानावर होती, पाव पानाची. तिच्यात चार वाक्यं होती. नागनाथ बिरादार यांचं अल्पशा आजारानं निधन झालं, हे पहिलं वाक्य खरं होतं. ते आमच्या क्लास परिवाराचे सदस्य होते, संगणक विभागाचे आधारस्तंभ होते आणि त्यांच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे, ही उरलेली तिन्ही खोटी होती. फोटो जुन्या ओळखपत्रावरून घेतलेला, गळ्यातली क्लासची निळी फीत त्यात तशीच दिसत होती. मी तेव्हा उदगीरला मुलीकडे होतो. भूकंपापासूनचा मित्र गेल्याचं मला ज्या माणसानं त्याला हाकलून दिलं त्याच्या जाहिरातीतून कळलं. मी सगळी नोकरी दैनिकाच्या कचेरीत काढली, आधी लातूरला बातमीदार म्हणून, मग नांदेडला डेस्कवर. मृत्यूच्या बातमीतली विशेषणं कापणं हे माझं रोजचं काम होतं. ती जाहिरात मात्र छापून हातात आली होती… आता महिना झाला. त्या तीन वाक्यांची दुरुस्ती कुणीतरी करायला हवी, म्हणून हे लिहितो.

नागनाथ मला पहिल्यांदा दिसला तो लातूरच्या पुनर्वसन कार्यालयात, रोजंदारीवरचा ऑपरेटर म्हणून. त्याचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात भिंतीखाली वडील आणि धाकटी बहीण गेली होती. कार्यालयात तीन संगणक होते आणि गावोगावच्या घरांच्या याद्या. हाताबाहेर गेलेलं काम उरकावं म्हणून नागनाथ एका पुस्तकावरून मॅक्रो लिहायला शिकला. मॅक्रो म्हणजे हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्रॅमला लिहून दिलेल्या सूचना: ही ओळ वाच, त्या यादीत शोध, सापडलं की इथे लिही. माणसाचं दिवसाचं काम मशीन मिनिटात करतं, आणि दिवसाच्या चुकाही मिनिटात करतं. याद्यांत एकच नाव दोनदा आलं तर एक पुसायचं, असा मॅक्रो त्यानं लिहिला. आठवड्याभरात एक बाई खिडकीशी येऊन उभी राहिली.

"तुमचं नाव हाय की यादीत, शांताबाई," कारकून म्हणाला.

"ती वरच्या आळीची शांताबाई. मी खालच्या आळीची. दोघींच्याबी मालकाचं नाव गोविंद. त्याला आता मी काय करू, मालक बदलू का?"

खोलीतले सगळे हसले, नागनाथ हसला नाही. उठून तो त्या बाईपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी हाय, मावशी. तुम्हाला मी पुसलंय." त्यानंतर त्यानं सगळ्या गावांच्या याद्या कागदावरून पुन्हा तपासल्या. पुढे त्याचं एकही काम असं राहिलं नाही की ज्यात मशीनला कळलं नाही तरी मशीन पुढे गेलं. जिथे शंका आली तिथे त्याचा मॅक्रो थांबायचा, पडद्यावर चौकट आणायचा आणि माणसाला बोलावायचा. हा त्याचा एकमेव हट्ट होता. पुढे त्याची नोकरी गेली ती यापायी.

पुनर्वसनाचं काम संपेपर्यंत लातुरात क्लासचा मोसम सुरू झाला होता. गल्लोगल्ली खोल्या, खानावळी, सायकलींचे ढीग. नायगाव, मुखेड, उदगीर, कुठून कुठून मुलं येत होती. एका मोठ्या क्लासनं नांदेडला शाखा काढली आणि निकालाच्या कामासाठी नागनाथला तिकडे नेलं. दर रविवारी परीक्षा, सोमवारी सकाळी दारावर यादी. यादीत वर असलेली मुलं पहिल्या तुकडीत, जिथे चांगले शिक्षक शिकवायचे. खाली गेलेली मुलं मागच्या इमारतीत, जिथे कुणीच धड शिकवायचं नाही. ही यादी नागनाथच्या मॅक्रोतून निघायची. याशिवाय इतर खात्यांतले लोकही आपापल्या तक्त्यांच्या अडचणी घेऊन त्याच्याकडे यायचे. मीसुद्धा एकदा निवडणुकीच्या तक्त्यासाठी फोन केला होता. "चालत न्हाई," मी म्हणालो.

"चालत न्हाई म्हणजे? चौकटीत काय लिहून आलंय?"

"ते मी बंद केलं."

"वाचायच्या आधीच? मग आता मी काय पंचांग घेऊन बसू? पुन्हा चालव, अडलं की हात काढून घे आणि अक्षर न अक्षर वाच. आणि त्याच्या आधी काय काय करून राहिला होतास ते बी सांग. सगळं. लाज वाटंल ते बी."

दोष मशीनचा की माणसाचा, हे तो कधी अंदाजानं ठरवायचा नाही. आधी तीच चूक पुन्हा घडवून दाखवायची, मगच तिच्याबद्दल बोलायचं.

क्लासमध्ये प्रश्नपत्रिकेचे चार संच असत आणि मुलानं उत्तरपत्रिकेवर आपल्या संचाचा गोल भरायचा असे. घाईत कुणीतरी तो भरायचं विसरायचंच. अशी उत्तरपत्रिका आली की मॅक्रो थांबायचा, माणूस तो कागद काढून मुलानं वर पेनानं लिहिलेला संच बघायचा, मग काम पुढे. वेळ लागायचा. प्रवेशाच्या दिवसांत संचालकांनी पालकांना समोर बसवून निकाल 'लाइव्ह' दाखवायला सुरुवात केली आणि पालकांच्या देखत मशीन तीनदा थांबलं. संचालक नागनाथला म्हणाले, "बिरादार, ते डबडं दिसलं नाही पाहिजे. लोक म्हणतात यांचं सॉफ्टवेअरच बोगस आहे."

"सर, डबडं बंद करता येतंय. एका ओळीचं काम हाय. पण मग अडलेलं कळणार न्हाई."

"कळून काय करायचंय? पुढं जाऊ द्या."

"पुढं जाईल, पण मोकळ्या हातानं जाणार न्हाई सर. मागच्या पोराचे मार्क घेऊन जाईल."

हे त्याचं वाक्य शब्दशः खरं होतं. चूक झाली तरी न थांबता पुढची ओळ घे, अशी एक सूचना मॅक्रोत लिहिता येते. ती लिहिली की ज्या मुलाचा संच सापडत नाही त्याचे गुण मोजलेच जात नाहीत, मशीनच्या हातात आधीच्या मुलाचे गुण असतात, तेच ते या मुलाच्या नावापुढे लिहून मोकळं होतं. कुठेही चौकट नाही, आवाज नाही. नागनाथनं ती ओळ लिहायला नकार दिला. संचालकांचे मेहुणे कार्यालय सांभाळायचे, त्यांनी संगणकाचा एक कोर्स केला होता. नागनाथ जेवायला गेला असताना त्यांनी ती ओळ लिहिली.

त्या सोमवारच्या यादीत रेणुका नावाची मुलगी शेवटून चौथी आली. त्याआधी ती पहिल्या दहांत असायची. तिच्या आधीच्या क्रमांकाचा मुलगा निम्मा पेपर कोरा ठेवून उठला होता. रेणुकाचे वडील मुखेड आगारात कंडक्टर. त्यांना बोलावून संचालकांनी मुलीसमोर सांगितलं की शहरात आल्यावर मुलींचं लक्ष उडतं. बाप मुलीला आणि तिची ट्रंक घेऊन त्याच दिवशी गावी गेला. नागनाथला हे बुधवारी कळलं. त्यानं रेणुकाची उत्तरपत्रिका शोधून काढली, संचाचा गोल रिकामा होता. हातानं तपासली. ती त्या आठवड्यात तिसरी होती. तो कागद घेऊन तो संचालकांकडे गेला. पुढच्या सोमवारी पालकांच्या बैठकीत संचालकांनी जाहीर केलं की ऑपरेटर बिरादार यांच्या हातून गंभीर चूक झाली असून त्यांना कामावरून कमी केलं आहे. नागनाथ बैठकीत मागे उभा होता. लोक वळून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "लेकरांच्या जिंदगीशी खेळतेत हे."

तो एसटीनं मुखेडला गेला. रेणुकाच्या वडिलांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "तुमचीच चूक, आणि तुमीच सांगून राहिले की पोरगी हुशार हाय. कुणाचं खरं धरावं आमी?" मुलगी परत आली नाही. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि एका बातमीदारानं हे कबूल करणं शोभत नाही.

मग तो माझ्याकडे आला. कचेरीतल्या मशीनवर त्यानं मला चूक पुन्हा घडवून दाखवली. तीन मुलं, मधल्याचा संच रिकामा. ओळ काढली की मशीन थांबतं, ओळ घातली की मधल्याच्या नावावर पहिल्याचे गुण. मला पाच मिनिटांत कळलं. त्याला बातमी नको होती. "चार ओळी छाप," तो म्हणाला, "की ती ओळ बिरादारची न्हवती. बास. माझ्या पोरांच्या शाळेत लोक विचारून राहिलेत." मी चार ओळी लिहून संपादकांकडे नेल्या. त्यांनी विचारलं, पुरावा काय, ही फाइल त्यानं घरी बनवली नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. क्लासची पानभर जाहिरात दर रविवारी आमच्याकडे यायची, हेही आम्हा दोघांना माहीत होतं. मी संचालकांना फोन केला. "जाऊ द्या ना साहेब, आम्ही त्याच्यावर केस नाही केली, हेच खूप," ते म्हणाले. क्लासमधली फाइल दाखवा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. चार ओळी छापल्या गेल्या नाहीत. नागनाथनं मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, येणं-जाणंही तोडलं नाही. मात्र त्यानंतर तो माझ्या कचेरीची पायरी कधी चढला नाही. पुढची सगळी वर्षं तो घरच्या पुढच्या खोलीत बसून ग्रामपंचायतींची, शाळांची, बाजार समितीची मॅक्रोची कामं करत राहिला. क्लासच्या लोकांनी गावात त्याची एकच ओळख ठेवली होती: निकाल चुकवणारा बिरादार.

मागच्या आठवड्यात नागनाथच्या घरी त्याच्या बायकोला, संगीतावहिनींना, भेटायला गेलो. पुढच्या खोलीत मशीनवर कापड टाकलेलं होतं. चहा होईपर्यंत त्याचा मोबाइल दोनदा वाजला. वहिनींनी तिसऱ्यांदा उचलला आणि स्पीकर लावला. पलीकडे एक तरुण बाई होती, त्याच क्लासच्या लातूरच्या कार्यालयातली, नवी. नागनाथ गेल्याचं तिला माहीत नव्हतं.

"बिरादार सर हायेत का? निकालाचं अडलंय. फाइलीत वर हा नंबर दिलाय."

वहिनी म्हणाल्या, "सर न्हाईत. चौकटीत काय आलंय ते वाचा."

"'संच सापडला नाही. उत्तरपत्रिका हातात घेऊन बघा.'"

मी पुढे होऊन विचारलं, नंबराच्या खाली आणखी काय लिहिलं आहे. फाइलीत काही बदललं की काय बदललं, कुणी सांगितलं, हे वर मराठीत लिहून ठेवायची नागनाथची पद्धत होती. त्याच्यामागून आलेल्यांनीही ती पाळली होती. ती बाई वाचू लागली. "'न थांबता पुढे जाणारी ओळ काढली. बिरादार यांनी लिहिलं होतं तसं परत केलं. संचालकांच्या सांगण्यावरून.'" मी तारीख विचारली. तिनं सांगितली. ती बैठकीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची होती.

म्हणजे सोमवारी त्यांनी शंभरेक पालकांसमोर याला दोषी ठरवलं आणि गुरुवारी याचंच काम गुपचूप जागेवर बसवलं. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक निकाल त्यावरच काढला. त्यांना माहीत होतं. ती ओळ बिरादारची नव्हती, ती बिरादारनं नाकारली होती. त्यानं मागितलं होतं तेवढं आज इथे छापून येत आहे. त्याला वाचता येणार नाही.

"त्या पानाचा फोटो पाठवा," मी फोनमध्ये म्हणालो.

वहिनींनी हातानं मला थांबवलं. "ते मागून, भाऊजी." मग फोन जवळ घेतला. "बाई, ज्या लेकराचं अडलंय त्याचा कागद काढा आधी. मी हाय फोनवर."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागद चाळल्याचा… वहिनी फोन हातात धरून बसून राहिल्या.