एकोणीस फळांची कॉफी

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहाची किटली आली, की तायडे सर हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि म्हणायचे, "घ्या, कॉफीच्या तेरवीचा चहा घ्या!" मग स्वतः पिशवीतून स्टीलचा थर्मास काढून त्याच्या टोपणात कॉफी ओतायचे. अमरावतीच्या त्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हे वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी कप खाली ठेवला. मी अकोल्याची. चहाला कोणी नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही. मी तडक विचारलं, "कॉफीची तेरवी म्हणजे काय, सर?"

"अवो मॅडम, सिलोनमंधी आधी कॉफीचेच मळे होते. पानावर तांबेरा आला, आपल्या सोयाबीनवर येते ना, तसाच. मळेच्या मळे बसले. मंग गोऱ्यायनं तिथं चहा लावला. कॉफी मेली म्हणून तुमचा चहा जगला. थोडी तरी लाज ठेवून प्या."

मी लाज ठेवली नाही, दुसरा कप घेतला. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

सर अमरावतीजवळच्या वलगावचे. इतिहास शिकवायचे. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबले आणि त्यांनी या पोराला शिकवलं. सरांचा शर्ट कायम कडक इस्त्रीचा, आवाज मैदानापलीकडे जाईल असा, आणि स्वतःच्या म्हणण्यावर विश्वास तर विचारूच नका. चुकले तरी इतक्या ठामपणे चुकायचे की समोरच्यालाच आपलं काही चुकलं की काय असं वाटे. नववीच्या वर्गाला ते दरवर्षी चार तास कॉफी शिकवायचे. पुस्तकात कॉफीचं एक अवाक्षर नव्हतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, तर म्हणाले, "पोट्ट्यायले जग दाखवाचं असन, तं एक वस्तू धराची आन् तिच्या मांगं मांगं चालाचं. जग आपोआप येते."

मी माझा मोकळा तास त्या वर्गाच्या मागच्या बाकावर काढायची. इथिओपियातल्या डोंगरात कसली तरी लाल फळं खाऊन उड्या मारणाऱ्या बकऱ्या सर स्वतः उड्या मारून दाखवायचे. "ही गोष्ट खरी का खोटी, मले माहीत नाई. पण बकरीवर विश्वास ठेवा, ती चव खोटी सांगत नाई." मग येमेनचे सूफी, जागरणासाठी कॉफी उकळणारे. मग तिथले व्यापारी, जे म्हणे बी उकळल्याशिवाय देशाबाहेर जाऊच देत नसत, दुसऱ्या कोणी पेरू नये म्हणून. आणि मग हजहून परतणारा एक फकीर, सात बिया लपवून घेऊन येणारा. त्या कर्नाटकातल्या डोंगरावर रुजल्या. सर सात बोटं वर धरून वर्गभर फिरायचे. "सात! फक्त सात! आन् तुमी म्हणता, सर, एकट्यानं काय होते?"

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र एका फ्रेंच अधिकाऱ्याची. हा गडी एकच रोप घेऊन जहाजानं समुद्रापार निघाला. वाटेत गोडं पाणी संपत आलं, तेव्हा आपल्या वाट्याच्या पाण्यातलं अर्धं त्यानं रोपाला पाजलं. हे सांगताना सरांचा मोठा आवाज खाली यायचा. आणि लगेच, कोणी भारावून जायच्या आत, ते फळ्यावर खडू आपटायचे. "पण पोट्टेहो, ते रोप तिथं पोचलं आन् मंग मळे कोणी खुरपले? आफ्रिकेतून बेड्या घालून नेलेल्या मानसायनं. कप कोणी धरला हे इतिहासात सापडते. झाड कोणी जगवलं, ते तुमाले शोधा लागते."

एका वर्षी मुलांची सहल चिखलदऱ्याला गेली. तिथं कॉफी होते. परतताना सरांच्या मांडीवर काळ्या पिशवीतलं वीतभर रोप होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी जाहीर केलं, "लिहून ठेवा. वलगावात कॉफी पिकवतो, आन् मी रिटायर होईन त्या दिवशी माह्या झाडाची कॉफी अख्ख्या स्टाफले पाजतो." सगळे खो खो हसले. खाली काळी माती आणि वर पंचेचाळीस डिग्री! मी म्हटलं, "सर, एक कप जरी निघाला ना, तर मी चहा सोडीन."

"मंग आत्तापासून सवय मोडा," सर म्हणाले.

झाड जगलं, हे मला कबूल करावं लागलं. अंगणात आंब्याच्या सावलीत, वर हिरवी जाळी, बुडाशी पालापाचोळा. रोज सकाळी आंघोळीच्या आधी सर त्याला स्वतःच्या हातानं पाणी घालायचे. नळ चार दिवसांआड यायचा तेव्हाही झाडाचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आधी भरायचा. फ्रेंच अधिकारी अंगात आलेला, दुसरं काय! झाड हिरवंगार, पुरुषभर उंच झालं. सहा वर्षं झाली आणि फूल म्हणाल तर एक नाही.

सरांच्या बायको वनिताताई मोर्शीकडच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. त्या पहिल्यापासून सांगत होत्या, "त्याले ताण द्या." संत्र्याला बहार धरायचा म्हणजे झाडाचं पाणी काही आठवडे तोडतात. झाड मलूल होतं, पानं गाळतं. मग भरपूर पाणी दिलं, की फुलांनी लगडतं. मोर्शीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सर ऐकतील तर शपथ. "म्हणजे त्याले तहानेनं मारू? तो मानूस समुद्रात आपलं पाणी देते, आन् मी घरी नळ असून तोंड फिरवू? संत्रं वेगळं, कॉफी वेगळी!" वनिताताई कपाळावर हात मारून आत जायच्या.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि फेब्रुवारीत सरांच्या छातीत कळ आली. नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. निघताना सरांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. चेहरा पांढराफटक, पण बोलणं तेच. "मॅडम, माह्यासाठी काई करू नका. झाडाले रोज पाणी घालजा. यंदा फुललं नाई तं माहा शब्द गेला." मी हो म्हटलं. बाहेर फाटकापाशी वनिताताईंनी माझा दंड धरला. "एक थेंब घालू नका. मी सांगीन तवाच घाला. यांचा शब्द राहाचा असन, तं हा एकच मोका हाय."

सव्वा महिना मी खोटं बोलले. सरांचा रोज फोन. "घातलं का पाणी?" "घातलं, सर." "किती?" "बादलीभर." आणि इकडे मी झाडासमोर उभी. पानं आधी मिटली, मग लोंबायला लागली, मग खाली पडायला लागली. गणितात मी कधी उत्तर लपवलं नाही, आणि इथं छाती उघडून शिवलेल्या माणसाला फसवत होते. झाड मेलं तर मी सरांना कोणत्या तोंडानं भेटणार होते? एकदा तर मी बादली भरून आणली आणि फोन लावला. वनिताताई म्हणाल्या, "पान वळलं का? वळू द्या. फांदी हिरवी हाय ना? मंग भेव कायचं?" मी बादली तशीच नेऊन न्हाणीत ओतली आणि पायरीवर बसून रडले.

सर घरी येण्याच्या आदल्या दिवशी फोन आला, "आता घाला. भरपूर घाला." मी अकरा बादल्या घातल्या. सरांनी पानं गळालेलं झाड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपलांसकट आत गेले. आठवडा गेला. नवव्या दिवशी सकाळी सहाला फोन. "मॅडम, वलगावले या." मी स्कूटर दामटत गेले. अंगणाच्या फाटकातच मोगऱ्यासारखा वास आला. फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके होते आणि सर त्याखाली खुर्ची टाकून बसले होते. डोळे भरलेले, आवाज मात्र पूर्ववत. "तुमी खोटं बोल्ल्या."

"हो, सर."

"भल्लं झालं," ते म्हणाले. मग आत पाहून ओरडले, "अवो, ऐकलं का? संत्रं आन् कॉफी एकच हाय!"

फुलं झुबक्यांनी आली, पण मे महिन्यानं बहुतेक गाळून टाकली. जानेवारीत पिकून लाल झाली ती एकोणीस फळं. एका फळात दोन बिया. माझ्या हिशोबानं अर्धा कप. निरोपाच्या दिवशी आम्ही सगळे चेष्टेच्या तयारीत बसलो होतो. सर उठले, खिशातून पुडी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक बी ठेवली, न भाजलेली. "कॉफीचा शब्द देल्ला होता, हे घ्या. ज्यानं त्यानं आपापली उगवून प्या. थोडा उशीर होईन. त्या फकिरानं सात बिया भाजून पेल्या असत्या, तं एक घोट झाला असता आन् गोष्ट संपली असती." हशा झाला. पीटीच्या सरांनी बी तिथंच चावून खाल्ली. माझ्या हातावर तायडे सरांनी सात ठेवल्या. "ह्या खोटं बोलल्याबद्दल."

सातातल्या दोन उगवल्या. मी निवृत्त होऊन अकोल्याला आले तेव्हा एकच रोप हाती होतं. सरांचा आठवड्याला फोन यायचा, "पाणी?" दोन वर्षांनी तो फोन थांबला. छातीनं दुसऱ्यांदा दगा दिला. त्याच उन्हाळ्यात वलगावचं झाडही वाळलं. वनिताताईंनी सरांचा थर्मास माझ्याकडे दिला. मला तो बघवेना, मी तो कपाटात ठेवून दिला.

गेल्या वर्षी माझं झाड ताणावर सोडलं. यावेळी खोटं सांगायलाही कोणी नव्हतं, हे फार लागलं. झाड फुललं. यंदा फळं ओंजळभर निघाली. वाळवली, सोलली, कढईत भाजली, मिक्सरमधून काढली. थर्मास काढून धुतला, त्यात कॉफी भरली आणि वलगाव गाठलं.

वनिताताईंनी जन्मात कॉफी प्यायली नव्हती. टोपणातून एक घोट घेतला. "कडू हाय." दुसरा घेतला. मग पदर डोळ्याला लावला. एक कप निघाला, आता पैजेप्रमाणे मला चहा सोडावा लागणार, असं मी त्यांना सांगितलं. त्या रडता रडता हसल्या. "सगळी भाजली का?"

"सात ठेवल्या."

"आना इकडे."

पुडी घेऊन त्या अंगणात गेल्या. वाळलेल्या झाडाच्या जागेशेजारीच आंब्याखाली बोटानं माती उकरली, सातही बिया टाकल्या आणि वरून बेतानं पाणी दिलं. उघड्या दारातून भिंतीवरचा सरांचा फोटो दिसत होता. त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पाणी आता माह्या मनानं देईन. मधात बोलाचं नाई."