मुंग्या हाकलणारा एम्पालिंग

बाराम नदीकाठच्या आमच्या लांबघरात एकाच छपराखाली बावीस बिऱ्हाडं आहेत, पण एम्पालिंगसारखा शहाणा एकच. आठ वर्षांपूर्वी भावाकडे पाहुणा म्हणून आला, तो अजून तिथंच ठिय्या देऊन बसलाय. तांदळाची दारू ढोसायची आणि आल्यागेल्याला अक्कल शिकवायची, हा त्याचा धंदा.

त्याची वहिनी लुन्सा दलदलीतल्या किडेखाऊ घटपर्णीच्या वेलींचे घडे धुऊन त्यांत चिकट भात शिजवते. एकदा त्या वेलींवर मुंग्यांची घरं बघून महाशयांचं पित्त खवळलं. "फुकट्या मेल्या! वेलीनं पकडलेले किडे ह्या चोरून खातात!" दोन दिवस खपून त्यानं एकूणएक मुंगी उकरून काढली. आयुष्यात केलेलं तेवढंच काम.

महिन्याभरात घड्यांच्या कडांना बुरशी लागली. कडेवरून किडे घसरेनात. जे मोठे आत पडले ते ओढून खायला कुणी नसल्यानं तिथंच सडले. भाताला एक घडा धड उरला नाही.

"वेलच नाजूक हो, वहिनी," तो जेवता जेवता म्हणाला.

लुन्सानं त्याचं खरकटं ताट उचललं. "वेल धड होती, भावजी. मुंग्या खायच्या, पण निदान कडा तरी घासायच्या."