हिरव्या काठाचा व्हिडिओ गेम

सोलापूरला गेलो ते माझ्याच एका जुन्या पोस्टमुळे. गेल्या वर्षी तिथल्या एका वाचकाने पाठवलेला व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीनचा फोटो मी इथे टाकला होता. परग्रहावरचे प्राणी रांगेने खाली उतरतात आणि आपण खालून तोफ डागतो, तो खेळ. मुळात त्याचा पडदा काळा-पांढरा होता. रंगाचा भास व्हावा म्हणून त्यावर पारदर्शक रंगीत पट्ट्या असत, तोफेपाशी हिरवी. या फोटोत हिरवी पट्टी वरच्या टोकालाही होती. 'दुर्मिळ प्रकार असावा', असं मी लिहिलं. त्यातलं 'दुर्मिळ' ठळक अक्षरात. ते वाचून पुण्यातला एक कॅफेवाला मशीन विकत घ्यायला निघाला, तेव्हा मात्र मी धास्तावलो. मी ते पाहिलं तरी होतं का?

पुण्याहून सकाळच्या गाडीने साधारण चार तास लागतात. भिगवणनंतर उजनीचं पाणी दिसतं, तेव्हा डुलकी घेऊ नका. सोलापुरातली नवी पेठ पायीच फिरा. शेंगा चटणी घ्या, पण आधी चाखून. मग मी विणकरांच्या वस्तीसाठी, म्हणजे पूर्व भागासाठी, रिक्षा केली. शंभर सांगितले, ऐंशीला आला. शेवटच्या वळणावर मागांची खटखट सुरू झाली आणि रिक्षावाल्याचं बोलणं ऐकू येईना.

मशीनचे मालक अंबादासअण्णा सत्तरीचे आहेत. आयुष्यभर त्यांनी चादरींची डिझाइनं केली: ग्राफच्या कागदावर चौकोन भरून मोर काढायचा, त्यावरून कार्डांना भोकं पाडायची आणि ती मागावर चढवायची. जोडीला कोल्ड्रिंकचं दुकान होतं, मशीन तिथलं. दुकान बंद झालं तसं ते पुढच्या खोलीत आलं. त्याच खोलीत सून रेणुका कापडी पिशव्या शिवते. तिला ती जागा हवी होती.

"चहा घेतल्याशिवाय मशीन दावत न्हाय," अण्णा म्हणाले.

"मामय्या, आधी दाखवा. तुमच्या चहात संध्याकाळ होते," रेणुका म्हणाली. घरची भाषा तेलुगू, म्हणून सासऱ्यांना ती मामय्या म्हणते.

मशीन सुरू झालं. अण्णांनी मधल्या रांगेतल्या प्राण्यावर बोट ठेवलं. "अकरा चौकोन रुंद, आठ उंच. आमच्या मोरापेक्षा लई सोपं."

"आणि संपत आले की पळतात कसे, बघा," मी म्हणालो. "ते कुणी ठरवलं नव्हतं. प्राणी कमी झाले की मशीनला चित्रं कमी काढावी लागतात, म्हणून वेग वाढतो. करणाऱ्याला त्यात मजा वाटली, त्याने तसंच ठेवलं."

"मागावर पण असंच की. चूक चांगली दिसली तर ठेवायची, न्हाईतर कार्ड बदलायचं."

मग मी वरच्या हिरव्या पट्टीचं विचारलं.

"ती व्हय? जुन्या पट्ट्या फाटल्या, मी नव्या लावल्या. खाली हिरवी आन वर मोकळं, कसं दिसंल? चादरीला एकाच टोकाला काठ असतो का?"

म्हणजे प्रकार दुर्मिळच, पण कारागीर माझ्यासमोर चहा ओतत होता. मी हसत सुटलो. रेणुकाची शिलाई थांबली.

"हे आता त्या कॅफेवाल्याला सांगणार तुम्ही?"

"पोस्ट माझी होती. सांगावं लागेल."

"दोन दिवसांनी, सौदा झाल्यावर आला असता तर काय बिघडलं असतं?" ती हसूनच म्हणाली, पण अर्धंच हसून.

"लावा फोन," अण्णा म्हणाले. "माझ्यासमोरच, स्पीकरवर लावा."

कॅफेवाला भला माणूस निघाला. म्हणाला, "हरकत नाही. वरची पट्टी काढून मूळच्यासारखं करू. घेतो मी."

"ती न्हाय निघणार," अण्णा म्हणाले.

"गोंद पक्का आहे का?" कॅफेवाल्याने विचारलं.

"गोंदाचं न्हाय. मी न्हाय म्हणतोय."

सौदा तिथेच मोडला. फोन संपल्यावर रेणुका तेलुगूत काहीतरी म्हणाली. अण्णा खो-खो हसले. अर्थ विचारायचं धाडस मला झालं नाही. तरीही तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी होती आणि चटणीवर दह्याचा गोळा.

घरी येऊन आधी पोस्ट दुरुस्त केली. 'दुर्मिळ' काढलं, अण्णांचं कारण लिहिलं. पण परतीच्या गाडीपासून एक प्रश्न सुटत नाही. मी खरं बोललो ते त्या कॅफेवाल्यासाठी, की स्वतःला स्वच्छ वाटावं म्हणून? माझ्या स्वच्छतेपायी रेणुकाची खोली अडली. काल धीर करून तिला मेसेज केला, माफी मागितली. उत्तरात फोटो आला. मशीन कोपऱ्यात सरकवलेलं, वर पिशव्यांचा छताला टेकलेला ढीग. खाली लिहिलं होतं, "जागा झाली. खेळायचं असेल तर ढीग मामय्यांनी उचलायचा आणि परत रचायचा, असं ठरलंय. आज दोनदा रचला."