मापाच्या अंतरावरचा चेहरा

१८ जानेवारी. दुपारी दुकानात एका ब्लाउजच्या बाहीला अस्तर लावत होते, तेव्हा अकोल्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, मंगलाचा फोन आला.

"ताई, तुये रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल हायेत."

"मग केस कशाचे?"

"ते मले काय माहीत. डॉक्टरीणबाईनं परत बलावलं. अन् तोंडाले जे जे लावतं ते सगळं पिशवीत घालून आणजो म्हणे. साबण बी."

मी बरं म्हटलं आणि बाही पूर्ण केली. रिपोर्ट चांगले आल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. मला काहीच वाटलं नाही. एवढंच कळलं की केसांचं कारण सापडलेलं नाही.

मी अमरावतीत ब्लाउज शिवते. वय सेहेचाळीस. चेहऱ्यावर नको ते केस येणं आणि त्यात कातडी नाजूक असणं, हे दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. या विषयावर बायका एकमेकींशी बोलत नाहीत. पार्लरवालीशी बोलतात, आणि तिला थ्रेडिंग करायचं असतं.

माझ्या धंद्यात चेहरा लपत नाही. खांदा, गळा, छाती मोजताना गिऱ्हाईक आणि मी वीतभर अंतरावर असतो. बोलायला काही नसलं की समोरची बाई माझ्या तोंडाकडेच बघते. साधारण पाच वर्षांपूर्वी हनुवटीखाली पहिला राठ केस आला. मी तो चिमट्याने उपटला. मग चार आले. मग वरच्या ओठावर. एकदा एका बाईने मान सरळ धरून मला अगदी सहज विचारलं, "तुम्ही करत नाही का काही?" मी म्हटलं, "हात वर करा."

त्याच आठवड्यात पार्लरमध्ये गेले. थ्रेडिंग केलेल्या जागी संध्याकाळपर्यंत लाल पट्टा उठला आणि सकाळी पूभरल्या बारीक पुळ्या. याला फॉलिक्युलायटिस म्हणतात, म्हणजे केसांच्या मुळांची सूज, हे मला नंतर कळलं. केस काढायचं क्रीम लावलं तर सालपट निघालं. ब्लीचने भाजलं. शेजारणीने हळद-बेसन घासायला सांगितलं, तेही केलं. केस तिथेच राहिले, कातडी गेली.

मग मंगलाने मलमाची एक ट्यूब दिली. तिच्या अकोल्याच्या मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळायची. ट्यूब खरंच चांगली होती, हे सांगितलंच पाहिजे. रात्री लावली की सकाळी पुळ्या गायब, चेहरा गुळगुळीत आणि वर उजळ. गिऱ्हाइकं विचारायला लागली की काय लावता. महिन्यातून एकदा थ्रेडिंग आणि त्यानंतर ट्यूब, असं सुरू झालं. पुढे थ्रेडिंग दोनदा झालं आणि ट्यूब रोज.

हळूहळू गाल पातळ झाले. पातळच म्हणते, कारण आतल्या बारीक लाल शिरा दिसायच्या. उन्हात पाच मिनिटं गेले तरी आग व्हायची. आणि जिथे कधीच केस नव्हते तिथे, कानाजवळून गालापर्यंत, मऊ काळी लव आली.

तेव्हा डॉक्टर गाठला, तोही अकोल्याचा. अमरावतीत स्किनच्या डॉक्टरकडे बाकावर बसले असते तर शेजारी माझंच गिऱ्हाईक निघालं असतं.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. बाईच्या चेहऱ्यावर पुरुषासारखे राठ केस येतात त्याला हिर्सुटिझम म्हणतात. कधी ते हार्मोनमुळे येतात, कधी अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असते म्हणून. ते आधी पाहून घ्यावं लागतं. सोनोग्राफीच्या रांगेत सगळ्या पोटुशा बायका होत्या. बाटलीभर पाणी पिऊन आम्ही सगळ्या तटतटून बसलो होतो. शेजारची म्हणाली, "कितवा लागला?" मी म्हटलं, "हनुवटीसाठी आली मी." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचा नंबर आला.

तर रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी पिशवी घेऊन परत अकोल्याला गेले. मंगला सोबत होतीच. डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. ब्लीच, क्रीम, गुलाबपाणी, साबण सगळं बाजूला सारलं आणि ट्यूब उचलली.

"ही कोणी लिहून दिली?"

"कोणीच नाही."

त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्यात तीन औषधं होती. त्यातलं एक जोरकस स्टेरॉइड. ते सूज दाबतं, म्हणून पुळ्या जात होत्या. पण रोज लावलं तर कातडी पातळ करतं आणि तिथे लव वाढवतं. या अवस्थेला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस म्हणतात, म्हणजे वरून लावलेल्या स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा.

"थ्रेडिंगने चेहरा चिडतो म्हणून तुम्ही ट्यूब लावता," त्या म्हणाल्या. "ट्यूबने केस येतात म्हणून पुन्हा थ्रेडिंग करता. बरोबर?"

मी हो म्हटलं. शिलाई उलटी पडलेली दिसावी तसं दिसलं. हनुवटीचे राठ केस वयाचे होते. गालावरची सगळी लव ट्यूबची होती.

मंगला म्हणाली, "मी तं थोडीशीच लावतो मॅडम, लग्नाकार्याले."

डॉक्टरीणबाईंनी तिचा गाल दिव्याकडे वळवून पाहिला. "बाहेर जाऊन तुमचाही केसपेपर काढा."

उपचार साधा आणि कंटाळवाणा आहे. ट्यूब एका दिवसात बंद करायची नाही, हे लक्षात ठेवा. मला आधी सौम्य स्टेरॉइड दिलं, ते उतरवत नेलं आणि मग थांबवलं. सोबत टॅक्रोलिमस, हे स्टेरॉइड नसलेलं सूज कमी करणारं मलम. पहिले काही दिवस ते स्वतःच आग करतं. साबण बंद. सनस्क्रीन रोज. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच, लेझर काहीही नाही, कातडी सावरेपर्यंत.

"आणि केस?"

"ट्रिमर वापरा. नाहीतर हलक्या हाताने शेव्ह करा."

मंगला दचकली. "दाढी? राठ होतेत ना केस."

"होत नाहीत. टोक आडवं कापलं जातं म्हणून बोटाला टोचतं. केस तेवढेच राहतात आणि तेवढेच जाड." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "औषध थांबलं की चेहरा आधी बिघडेल. खूप लाल होईल. काही महिने धरून चाला."

मी म्हटलं, "लग्नसराई आहे माझी."

"चेहऱ्याला ते कळत नाही," त्या म्हणाल्या.

दाढीचं मला अवघड गेलं नाही. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांची दाढी मीच करायचे. कातडी किती ताणायची, पातं कसं टेकवायचं, हाताला माहीत होतं. मी मोरीतल्या आरशासमोर उभी राहिले तेव्हा नवरा दारात आला. बघितलं आणि म्हणाला, "मायं ब्लेड नोको घेऊ, बोथट झालं ते. नवं आणून देतो." आणि ब्लेड आणायला गेला. आमच्यात या विषयावर एवढंच बोलणं झालं.

स्टेरॉइड थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच झालं. चेहरा मिरची चोळल्यासारखा. पाणी लागलं तरी आग. गालावर फोड. मी रडले वगैरे नाही. सकाळी उठायचं, मलम लावायचं, दुकान उघडायचं. इस्त्रीची वाफ सोसेना म्हणून इस्त्री शबानाकडे दिली. शबाना माझ्याकडे हूक-काज करते, बारा वर्षं झाली.

अमरावतीत गाडीवर बसणारी प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ बांधते, डोळे सोडून सगळं झाकून. मी दुकानात पोचल्यावर तो सोडायचं बंद केलं. गिऱ्हाइकांना म्हणायचे, कपड्याच्या धुळीची ॲलर्जी आहे. कोणी जास्त विचारलं नाही. अंगाची मापं घेणंही टाळायला लागले. मापाचं जुनं ब्लाउज द्या, त्यावरून शिवते, असं सांगायचे. म्हणजे कोणाच्या जवळ जायला नको. जुन्या ब्लाउजचं कापड ताणलेलं असतं आणि बाईचं अंग तेवढंच राहत नाही. दोन ब्लाउज खांद्यात उतरून परत आली. माझ्याकडे असं होत नसे.

शबाना हूक लावता लावता म्हणाली, "ताई, मी दुकानात आली का बुरखा काढून ठेवतो, अन् तुमी दुकानात येऊन परदा करून राहिल्या. गिऱ्हाइकं चुकीच्या दुकानात शिरली समजतेत."

"आग होते मले."

"आग चेहऱ्याले होते. टेप काहून दूर पकडता?"

धंदा हाच एक माझा स्वतःचा आहे आणि तो हातातून सुटत चालला आहे, हे मला दिसत होतं. दिसत होतं एवढंच. भीतीसुद्धा वाटत नव्हती.

एप्रिलमध्ये एक आई लेकीला घेऊन आली. थोरलीच्या लग्नाची ब्लाउज माझ्याकडचीच होती, आता धाकटीचं, पूजाचं लग्न होतं. आईने शालूचं कापड टाकलं, मापाचं ब्लाउज टाकलं आणि म्हणाली, "हे जुनं हाय, अंगाचंच घ्या माप. लग्नाचं हाय."

नवरीला नाही म्हणता येत नाही. टेप घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. वीतभर अंतर. तिचे गाल गुलाबी चकचकीत होते. कातडीखाली बारीक लाल शिरा. कानाजवळून गालापर्यंत मऊ काळी लव. पोरगी माझे डोळे चुकवत होती.

मी टेप खाली घेतला. "तोंडाले काय लावतं तू?"

ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "क्रीम लावते. मस्त उजळली ना? पार्लरवालीनं देल्ली. लग्नापरेंत अजून उजळते म्हणे."

इथे गप्प बसता आलं असतं. ब्लाउज शिवून द्यायचं, एवढंच माझं काम. पण नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. मी स्कार्फ सोडला.

आई एक पाऊल मागे सरकली.

"मी बी अशीच उजळली होती," मी म्हटलं. "क्रीम एखाद्या डॉक्टरले दाखवा. एकदम बंद नोका करू, पण दाखवा."

आईचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. "आमच्या पोरीले काही झालं नाही. तुमाले ॲलर्जी हाय म्हणत होत्या ना? असे हात लावता गिऱ्हाइकाले? चाल वं पूजा." कापड उचललं आणि लेकीचा दंड धरून निघून गेली. त्या भरात मापाचं ब्लाउज काउंटरवरच राहिलं.

दुकानात आणखी दोघीजणी बसल्या होत्या. त्यांनी माझं तोंड नीट बघून घेतलं. त्यातली एक नंतर येते म्हणून उठली. दुसरी बसून राहिली, तिला घाई होती. तिचं माप मी स्कार्फशिवाय घेतलं. तिने माझ्या डोक्यावरून कॅलेंडरकडे बघून घेतलं, बाकी काही झालं नाही.

शबाना म्हणाली, "गेलं ना नवरीचं काम."

"गेलं."

"बरं केलं." आणि तिने सुईत दोरा ओवला.

आज माझी लव बरीच कमी आहे. लाली उन्हात चढते. हनुवटीचे केस आहेत आणि राहतील, मी एक दिवसाआड ते काढते, त्याला चहा करण्याएवढा वेळ लागतो. त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचे तर एवढ्यासाठी, की त्यांनी बरं होईल असं सांगण्याआधी बिघडेल असं सांगितलं. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा चेहरा लालच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, सनस्क्रीन लावलं, ते ब्लाउज घडी करून पिशवीत घातलं, स्कार्फ बांधून गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेले. ब्लाउज परत करायचंच होतं. दारात स्कार्फ सोडून घंटी वाजवली.

दार पूजाने उघडलं. आतून आईचा आवाज आला, "कोण हाय वं?"

"शिवणवाल्या मावशी," ती म्हणाली. मग आवाज खाली घेऊन मला विचारलं, "किती दिवस असं लाल राहते?"

"महिने लागतेत. लग्नात लाल दिसशीन."

"अन् केस?"

"कमी होतेत. तुये बहुतेक सगळे जातीन. माये थोडे राहतीन."

ती माझ्या हनुवटीकडे बघत होती. मी बघू दिलं. आत भांडी वाजत होती, आई अजून बाहेर आली नव्हती. पूजाने मागे वळून पाहिलं, ओढणी काढून दाराच्या कडीवर टाकली आणि उंबऱ्यावर सरळ उभी राहिली.

मी पिशवीतून टेप काढला. म्हटलं, हात वर कर.