आशीर्वादासाठी आईचं नाव लागतं

आमच्या आप्पांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. डॉक्टर म्हणतात बायपास करा. आप्पा म्हणतात करू की, आधी आशीर्वाद घेतो. या ‘आधी’मध्ये चार महिने गेले. वणीची देवी झाली, दर्गा झाला, चर्चमध्ये मेणबत्ती झाली, गुरुद्वारात लंगर जेवून झाला. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. तिसरी गुरुवारची होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘चौथी तारीख मी देईन हो, पण तोवर पेशंट पाहिजे ना.’

बहात्तर वर्षांचा माणूस, मखमलाबादला जन्मभर झेंडू पिकवलेला, वाटेत साप आला तर त्याला काठीने बाजूला करून पुढे जाणारा. आणि सहीच्या कागदाला घाबरत होता. वर कबूलही करत नव्हता. मला त्यांचा भयंकर राग येत होता. खरं सांगू? रागापेक्षा भीतीच जास्त होती.

त्यात रविवारी मला योगेश भेटला. मी देवळाली कॅम्पात इंग्रजी शिकवते, हा माझा जुना विद्यार्थी. दिंडोरीच्या पुढे कांदा वाळवून भुकटी करण्याचा कारखाना आहे, तिथे तो सुपरवायझर. बोलता बोलता म्हणाला, ‘मॅडम, मंगळवारी आमच्याकडे ज्यूंचे गुरुजी येतात. माल परदेशी जातो ना. त्यांनी यंत्रं तपासल्याशिवाय त्यांची कर्मठ माणसं खात नाहीत.’ काळा कोट, काळी हॅट, लांब दाढी, कानाजवळ बटा. हसिदी पंथाचे. त्या पंथात म्हणे आजारी माणसाच्या नावाची चिठ्ठी गुरूकडे देतात आणि गुरू प्रार्थना करतो.

हे मी घरी येऊन सांगितलं. हीच माझी चूक. आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

‘एवढं एक राहिलंय बघ. हा शेवटचा. मग सही करतो.’

‘नक्की?’

‘बापाचा शब्द हाय.’

मंगळवारी सकाळी सातला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, दिंडोरी रस्ता चांगला आहे, पण द्राक्षांचे ट्रॅक्टर असतात, तेव्हा घाई करू नका. वाटेत मिसळ खाल्ली, सोबत पापड आणि दही. आप्पांना तर्री वर्ज्य, म्हणून त्यांनी माझ्या वाटीतली खाल्ली. मागच्या सीटवर शाल, नारळ आणि आमच्याच शेतातल्या झेंडूचा हार. हार एवढा मोठा की त्याला सीटबेल्ट लावावा लागला.

कारखान्याचं फाटक लांबूनच कळतं, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागतं. योगेशने आम्हाला डोक्याला जाळीच्या टोप्या दिल्या आणि मला बजावलं, ‘मॅडम, हात पुढे करू नका. ते परक्या बाईला हात मिळवत नाहीत.’ आप्पांना काही बजावायचं त्याला सुचलं नाही.

गुरुजी वाळवणीच्या पट्ट्याशी टॉर्च घेऊन वाकले होते. चाळिशीचे असतील. माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी शंभर वर्षांचा ऋषी होता. आप्पा सरळ पुढे गेले आणि पायाला हात लावायला वाकले. गुरुजी दचकले. त्यांच्यात माणसाने माणसापुढे वाकायचं नाही म्हणून आप्पांना उठवायला तेही वाकले. ते वाकले म्हणून आप्पा आणखी खाली गेले. शेवटी हॅट पट्ट्यावर पडली आणि कांद्याच्या चकत्यांबरोबर भट्टीकडे निघाली. योगेशने लाल बटण दाबून अख्खा कारखाना बंद केला.

हॅट मिळाली. हार त्यांनी नम्रपणे नाकारला. नारळ मात्र हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि मराठीत म्हणाले, ‘चालेल.’ इतक्या वर्षांत ते दोनच मराठी शब्दप्रयोग शिकलेत, असं योगेशने सांगितलं. दुसरा, ‘चालणार नाही.’ त्यांच्या कामाला तेवढं पुरतं.

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मी कुणी मोठा गुरू नाही. मी कांदा तपासणारा माणूस. पण प्रार्थना करेन. नाव लिहून द्या.’

आप्पांनी झोकात लिहिलं, निवृत्ती, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, गट नंबर.

‘वडिलांचं नको,’ गुरुजी म्हणाले. ‘आजाऱ्यासाठी आईचं नाव लागतं. निवृत्ती, अमकीचा मुलगा.’

‘लक्ष्मीबाई,’ मी म्हणाले.

आप्पा हळूच म्हणाले, ‘ते सासरचं. लग्नात बदललेलं. माहेरचं मला कुठं ठाऊक? मी चार वर्षांचा असताना गेली ती.’

आता आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे या गृहस्थांना कसं समजावायचं? समजावलं. त्यांनी दाढी कुरवाळली. ‘तिच्या आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली?’

‘माहीत नाही.’

‘मग ते शोधा. मी चार वाजेपर्यंत इथे आहे.’

मी आप्पांना म्हटलं, ‘लक्ष्मी चालेल, देऊन टाकू.’ तर ते माझ्यावरच खेकसले, ‘देवाला खोटा पत्ता देऊ व्हय?’

आप्पांच्या आईची धाकटी बहीण, मैनामावशी, कळवणला आहे. नव्वदीला टेकलेली, फोनवर काही ऐकू येत नाही. तेव्हा गाडी कळवणला. वणीच्या पुढे वळणं आहेत, उलटी होणाऱ्यांनी पुढे बसावं. मी सगळा रस्ता बडबडत होते.

मावशी ओट्यावर लसूण सोलत होती. तिने आप्पांकडे डोळे बारीक करून पाहिलं. ‘कोना पोऱ्या शे रे तू?’

कोणाचा मुलगा आहेस. तेच विचारायला तर आम्ही आलो होतो. मी मावशीच्या कानात ओरडून सगळं विचारलं.

‘कोंडी,’ ती म्हणाली. ‘आधीची तीन पोरं गेली. मग मायनं हिचं नाव कोंडी ठेवलं. कोंड्याला यम हात लावत नाय. जगली ना मग. तुमच्याकडं ते नाव ओंगळ वाटलं, लक्ष्मी केली.’ तिने लसणाची साल फुंकली. ‘लक्ष्मी काय टिकती व्हय?’

आप्पा ओट्यावर तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरून ढसाढसा रडले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. मावशीने त्यांना एक लसणीची कुडी सोलायला दिली.

साडेतीनला परत कारखान्यात. आप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘निवृत्ती, कोंडीचा.’ अर्थ मी सांगितला. गुरुजी म्हणाले, आमच्यातही आजाऱ्याचं नाव बदलतात, मृत्यूने पत्ता चुकावा म्हणून. मग चिठ्ठी हातात धरून ते डोळे मिटून पुटपुटले. आशीर्वाद देणारा, घेणारा, भाषांतर करणारी आणि योगेश, चौघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यातलं कांद्याचं किती, ते सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

‘चालेल,’ ते म्हणाले. ‘आता डॉक्टरांकडे जा.’

तुम्हाला जायचं असेल तर आधी विचारून जा, घरी शिजवलेलं काही नेऊ नका, ते खात नाहीत, आणि आईचं नाव माहीत करून घ्या. एवढीच तयारी पुरे. हार आम्ही येताना मावशीच्या दाराला बांधून आलो होतो.

बुधवारी आप्पांनी सही केली. गुरुवारी पाच तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी आतून नर्स आली, जरा काळजीत.

‘ऑपरेशन नीट झालंय. पण अजून भूल उतरलेली दिसत नाही. नाव विचारलं तर भलतंच सांगतायत.’

‘काय म्हणाले?’

‘कोंडीचा पोऱ्या.’

मी म्हटलं, ‘शुद्धीवर आलेत.’