रोज तेल घातलेला चोरीचा माल

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येतात ते आमच्या हवालदाराचे फुगलेले गाल. बाकीचे सगळे मागाहून.

साठच्या दशकात मी वणी भागात फौजदार होतो. एका सोमवारी सकाळी बँडचा मालक ठाण्यात आला. त्याचा ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचा पितळी बाजा, खोलीतून नाहीसा झाला होता. जुना, बारीक नळीचा. नागपूरच्या क्लबात जॅझ वाजवणाऱ्या एका गोवेकराकडून घेतलेला. मालकाने तो विकायला काढला होता आणि शनिवारी गिऱ्हाईक तो न्यायला येणार होते. वरातींसाठी मालकाने रुंद नळीचा, दणदणीत आवाजाचा नवा बाजा आणलाच होता.

गुरुवारी पानठेलेवाल्याने खबर दिली. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे, रिकाम्या बोऱ्यांखाली बाजा सापडला. पंचनाम्याच्या वेळी मी नळी ओढली, तर ती अलगद सरकली. बोटांना शिवणयंत्राचे ताजे तेल लागले. चोरीचा माल मी पुष्कळ पाहिला होता. चोराने रोज तेलपाणी केलेला हा पहिलाच!

बँडमध्ये हा बाजा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला मी बोलावले. मालकालाही नवा बाजा घेऊन यायला सांगितले.

"काका, बाजा कोणी नेला?"

"मले काय माहीत जी?"

मी आवाज चढवला नाही. हवालदाराला म्हणालो, "वाजवा."

हवालदाराने गाल फुगवले, डोळे बाहेर आले, आणि ठाण्यात म्हैस रेकली. शिपाई पोट धरून हसले. म्हातारा मात्र कळवळला. "हळू ओढ ना बाप्पा! नळी कायले वाकवतं?"

मी त्याच्या हाती नवा बाजा दिला. तिसऱ्या सुरालाच दम संपला आणि तो छातीला हात लावून बाकावर बसला. मग जुना पुढे केला. बारीक नळीला श्वास थोडा पुरतो. म्हाताऱ्याने डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली, तसा कोठडीतला दारुड्यासुद्धा गजांपाशी येऊन उभा राहिला.

बाजा मांडीवर ठेवून तो म्हणाला, "चोरला नाही जी, लपवला. हा गेला तं मी गेलोच. मोठ्याले छाती कुठून आणू?"

मालक सगळे ऐकत होता. माल त्याचा, मी पोच घेऊन बाजा त्याच्या हवाली केला. म्हाताऱ्याने खिशातून तेलाची बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "गिऱ्हाइकाले सांगजो, रोज दोन थेंब."

मालकाने बाटली घेतली नाही. म्हाताऱ्याचा हात त्याने बाटलीसकट मागे सारला. मग म्हणाला, "ठेवा काका तुमच्यापाशीच. वरातीत लागन. शनिवारी त्याले नाही म्हणून सांगतो." आणि तक्रार मागे घेतली.

पंचनाम्यात मालकाच्या नावाला जागा असते, सांभाळणाऱ्याच्या नावाला नसते. त्यानंतर मुद्देमाल आला की कागद उघडण्याआधी मी त्याला हात लावून पाहू लागलो.